वाडग्यात काच वितळवली, तडे गेले. ही कला की वाया गेलेलं भांडं?

कृष्णाकाठचा_चाकवाला (सांगली): मंडळी, भांडण व्हावं म्हणूनच धागा काढलाय. परवा स्टोनवेअरच्या, म्हणजे कडक भाजायच्या मातीच्या वाडग्यात हिरव्या बाटलीचा चुरा टाकला आणि १२२० डिग्रीला भट्टी लावली, काच तळाला अशी साठली जसं आडात पाणी, आणि आत बारीक बारीक तडे, उजेडात धरलं की लखलख करतात. बघणारे सगळे खूश. पण आमच्या गल्लीतल्या कुंभार अण्णांनी वाडगा हातात घेतला, नखानं टिचकी मारली, आवाज आला बद्द! म्हणाले, "पोरा, हे फुटलेलंच हाय, खाली पडायचं तेवढं ऱ्हायलंय." मला तर त्या तड्यांतच मजा वाटते. बोला.

साताऱ्याची_माती: अण्णांचं शंभर टक्के बरोबर. गार होताना बाटलीची काच मातीपेक्षा जास्त आकसते, माती तिला आकसू देत नाही, म्हणून तडा. यात कला कुठून आली राव, गणित चुकलंय. आणि त्यात कुणाला खायला देऊ नका, कपची सुटून पोटात जायची. दोन्ही वेगळं भाजा, एपॉक्सीनं चिकटवा, विषय संपला.

मिरजेची_ताई: चिकटवायचंच असेल तर थर्माकोलचं मखर काय वाईट होतं मग? 😄 आणि भेसळ आजची आहे का, कुंभार पिढ्यान् पिढ्या मातीत घोड्याची लीद, राख, तूस कालवतातच की. शुद्ध माती कधी होतीच कुठं?

साताऱ्याची_माती: ताई, लीद भट्टीत जळून जाते, मागं नुसती बारीक छिद्रं राहतात. काच तिथंच बसून राहते आणि भांडत बसते. फरक तोच आहे.

कराडचा_कंदील: मधे बोलतो. आमच्या माळ्यावर ओगलेवाडीचा जुना प्रभाकर कंदील आहे. पत्रा आणि काच एकत्रच, पण काच तारांच्या मधे सैल, हलवली की खुळखुळते. लहानपणी मला वाटायचं ढिली झालीय. घट्ट आवळली असती तर तापल्यावर फुटलीच असती. मिसळा हो, पण मधे फट सोडा.

मिरजेची_ताई: मग जुना पिवळा बल्ब बघा दादा, तिथं तार काचेतून आरपार, फट अजिबात नाही!

कराडचा_कंदील: ती तार साधी नसते ताई. आत निकेल-लोखंड, वर तांब्याचं वेष्टण, काचेच्या बेतानंच फुगेल अशी जुळवलेली. नुसती जाड तांब्याची तार घालून बघा, तांबं काचेच्या जवळपास दुप्पट फुगतं, गार होताना सुटून येतं नाहीतर काच तरी तडकवतं.

कृष्णाकाठचा_चाकवाला (सांगली): हां, तांब्याच्या तारेचे माझे तीन तुकडे असेच गेलेत, आत्ता कळलं का ते. पुढच्या खेपेला काच वेगळी ओततो, पाचशेच्या वर थांबवून मग सावकाश गार करतो आणि वाडग्यात सैल ठेवतो.

मिरजेची_ताई: म्हणजे वाडग्यात ठेवलेला पेपरवेट. तडेवाला मला द्या, मी ठेवते खिडकीत.

साताऱ्याची_माती: द्या द्या. फक्त खिडकीला ऊन किती येतं ते बघा म्हणावं.