फाइल रिकामी दिसते ती बफरमुळे

पायथन स्क्रिप्टच्या ओळी टर्मिनलवर (कमांड देण्याच्या खिडकीत) लगेच दिसतात, पण आउटपुट फाइलकडे वळवलं की फाइल तासभर रिकामीच, असं का, हा प्रश्न आहे. स्क्रिप्ट बरोबर आहे. समोर टर्मिनल असेल तर पायथन ओळ संपली की मजकूर पुढे ढकलतो. फाइल असेल तर आधी बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवायची मेमरीतली जागा, भरू देतो; बहुतेक आवृत्त्यांत तो साधारण ८१९२ बाइटचा. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं, तरी पाच-सहा ओळींनी तो भरत नाही.

डिव्हाइसचंही तेच. दुकानातला बिलाचा प्रिंटर लिनक्सवर फाइलसारखा उघडून मी त्यात लिहीत होतो. गिऱ्हाईक समोर उभं, आणि कागद हलेना. स्क्रिप्ट बंद केली तेव्हा तिन्ही बिलं एकदम बाहेर पडली! प्रिंटमध्ये 'फ्लश' (बफरमधलं लगेच पुढे पाठवणं) ट्रू केलं, प्रश्न मिटला.

मात्र फ्लशने मजकूर फक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती जातो, डिस्कवर उतरलाच असं नाही. तुमच्याकडे वीज जात असेल तर हिशोबाच्या नोंदींसाठी फ्लशनंतर 'एफसिंक' (मजकूर डिस्कवर उतरवायला लावणारी आज्ञा) कराच. आणि फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ स्वतः लिहा. ते न लिहिल्यास विंडोजवर मराठी मजकूर अनेकदा तिथेच अडतो.