पोरांनी विचारलं, 'सर, तुमचा पक्ष कुठला?' तर वर्गात काय सांगावं?

तास_सहावा
दहावीच्या राज्यशास्त्रात 'निवडणूक प्रक्रिया' आणि 'राजकीय पक्ष' हे धडे लागोपाठ येतात आणि तिथं हा प्रश्न ठरलेला. कोल्हापुरात गल्लोगल्ली तालीम, तालमीच्या फलकावर नेते; पोरं घरातूनच बाजू घेऊन येतात. टाळलं तर 'सर घाबरले', सांगितलं तर संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर चर्चा. शाळा खासगी अनुदानित. नियम काय आणि तासाला नेमकं काय करावं?

कलम_एकशेएकोणतीस
आधी तुम्हाला कुठली नियमावली लागू होते ते बघा, इथंच निम्मा घोळ होतो. शासकीय सेवकांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम. तुमच्यासारख्यांना १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. शासकीय सेवकाला पक्षाचं सदस्यत्व आणि प्रचार दोन्ही बंद. मत द्यायची मुभा आहे, पण कुणाला देणार याची चाहूलही लागू द्यायची नाही.

निवडणूक ड्युटीचा आदेश हातात पडला की सरकारी-खासगी फरक उरत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२९: केंद्राध्यक्ष किंवा मतदान अधिकाऱ्यानं कुणाला मत दे किंवा देऊ नको असं सुचवायचं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

आणि शिक्षक मतदारसंघाची निवडणूक विसरू नका. पुणे विभागात आपला जिल्हा येतो, मतदार आपणच. स्टाफरूममधली पत्रकं हजेरीपटात अडकून वर्गात जातात, ती आधी काढा.

घरफाळा_थकबाकीदार
उत्तर एका वाक्यात द्यायचं: "माझं मत आहे, ते पेटीत जातं, इथं मला तुमची कारणं ऐकायची आहेत." 'मला राजकारण कळत नाही' असं कधीच म्हणू नका. राज्यशास्त्र शिकवणाऱ्यानं असं म्हटलं तर पोरं धडाही गांभीर्यानं घेत नाहीत.

मग पक्ष बाजूला ठेवून मुद्दा घ्या. आपल्याकडं हद्दवाढीसारखा, म्हणजे आजूबाजूची गावं कोल्हापूर महापालिकेत घ्यायची की नाही यासारखा, दुसरा विषय नाही. तास ३५ मिनिटांचा धरून:

पहिली ५ मिनिटं फळ्यावर फक्त माहिती. १९७२ ला महापालिका झाली, हद्द मात्र जुनीच, साधारण ६७ चौ. किमी. २०१७ ला आजूबाजूच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. इथं एकही विशेषण वापरू नका.

पुढची १० मिनिटं चार-चारचे गट. चिठ्ठी काढून बाजू द्या, पोरांना निवडू देऊ नका. शहराच्या बाजूनं लोकसंख्येवर ठरणारा निधी, एकत्र नियोजन, केएमटी (शहराची बससेवा) आणि पाण्याचा भार. गावाच्या बाजूनं घरफाळा (घरपट्टी), ग्रामपंचायत जाणं, शेतजमिनीवर पडणारी आरक्षणं.

१० मिनिटं मांडणी. त्यानंतर बाजू उलटी करून ५ मिनिटं. ही पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते, आणि तास फसतो तो इथंच. उलटी बाजू मांडल्याशिवाय ती वक्तृत्व स्पर्धाच होते. शेवटी प्रत्येकानं वहीत दोन ओळी: समोरच्याचा कुठला मुद्दा पटला? गुण कारणाला, बाजूला नाही.

एक धोका. वर्गात पाचगाव, कळंबा, उचगाव अशा शहरालगतच्या गावांची पोरं असतात. "गाववाल्यांना काय वाटतं?" म्हणून एखाद्याला उभं केलं की तो विद्यार्थी राहत नाही, गावाचा प्रतिनिधी होतो. चिठ्ठ्या त्यासाठीच.

पेठेतली_मॅडम
वरच्या सरांचं बरोबर आहे, पण तटस्थपणाचा अतिरेक नको. वर्गात राजकारण कसं शिकवावं यावर जर्मनीतल्या बॉयटेल्सबाख गावात १९७६ ला एकमत झालं: विद्यार्थ्यावर मत लादायचं नाही, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं, आणि स्वतःचं हित ओळखून विचार करायला त्याला शिकवायचं. शिक्षकाचं तोंड बंद करा, असं त्यात नाही.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या, ही घटना आहे. आजचं आरक्षण कुणाला, किती, यावर वाद घाला. पण एखादा पोरगा कुणाची जात काढून बोलला, तर तिथं 'दोन्ही बाजू' नसतात. थांबवायचंच. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ नं संपवली आहे. तिथं गप्प बसणं हे मत दिल्यासारखंच.

बारावीचा वर्ग वेगळा. तिथं काहींना मतदान असतं. सतरा पूर्ण झालेल्यांना मतदार यादीत नावासाठी आगाऊ अर्ज करता येतो, पात्रतेच्या तारखा वर्षात चार: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्यासाठीचा अर्ज, नमुना ६, भरून घ्या, पुढं कुणाला मत द्यायचं ते त्यांचं त्यांना.

तास_सहावा
चिठ्ठ्यांची कल्पना पटली. पण पोरांकडं माझा नंबर आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस दिसतं, त्याचं काय?

कलम_एकशेएकोणतीस
वर्गात ३५ मिनिटं सांभाळलेलं स्टेटसवर चोवीस तास दिसतं, सर. वर्गाच्या ग्रुपसाठी वेगळा नंबर घ्या, नाहीतर स्टेटसच्या सेटिंगमध्ये जाऊन पालक आणि पोरं वगळा. तरी स्क्रीनशॉट फिरतोच, म्हणून आचारसंहितेच्या काळात फक्त सुविचार आणि पाऊसपाणी.

घरफाळा_थकबाकीदार
सुविचारसुद्धा बघून. कुठल्या नेत्याचा आहे ते पोरं लगेच ओळखतात.