‘सुरक्षा’ की ‘सुरक्षितता’? अणुक्षेत्रातल्या शब्दांबद्दल

नाशिकरोड:
सेफ्टी आणि सिक्युरिटी, दोन्हींना आपण सरसकट ‘सुरक्षा’ म्हणतो. शेजारी देशांमधल्या अणुसुरक्षेवरचा आणि त्यातल्या सहकार्यावरचा मजकूर मराठीत आणताना गाडी इथेच अडते. ‘सुरक्षा संस्कृती’ म्हटलं तर वाचकाला हेल्मेट दिसणार की पहारेकरी? त्यात आपल्या सिक्युरिटी प्रेसमधली ‘सिक्युरिटी’ म्हणजे प्रतिभूती (रोखे, मुद्रांक असे मोलाचे कागद), ती तिसरीच. जाणकारांनी सांगावं.

लासलगाव:
फरक हेतूचा धरा. पंप बंद पडला, झडप गळली, हातून चूक झाली. यातून माणसं वाचवायची ती सुरक्षितता. कुणी मुद्दाम चोरी, घातपात, घुसखोरी करू पाहतो, त्याला अडवायचं ती सुरक्षा. रेल्वेच्या हिंदीत ही फारकत कधीच झाली आहे: अपघाताची चौकशी करतो तो ‘संरक्षा आयुक्त’, स्टेशनात पहारा देतं ते ‘सुरक्षा बल’. मराठीत ‘संरक्षा’ रुळला नाही आणि ‘संरक्षण’ म्हटलं की सैन्य आठवतं. इथल्या कांदा-आंब्याच्या विकिरण केंद्राचं नाव ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र. तिथे तोच शब्द माल टिकवण्याच्या अर्थानं आला आहे. म्हणून ‘सुरक्षितता’ आणि ‘सुरक्षा’ हीच जोडी ठेवा आणि पहिल्याच परिच्छेदात फरक सांगून टाका.

सातपूर:
जोडी पटली. पण प्रत्यक्षात या दोघींचं नेहमी जुळत नाही, तेही मजकुरात यावं. एक दार घ्या. सुरक्षितता म्हणते, आत अडकलेल्याला किल्ली न शोधता बाहेर पडता आलं पाहिजे. सुरक्षा म्हणते, या दारानं कुणी आत येता कामा नये, काही बाहेर जाता कामा नये. मग दार असं करतात: आतून आडवा दांडा ढकलला की उघडतं, बाहेरून मूठच नसते, आणि उघडताक्षणी नियंत्रण कक्षात घंटा वाजते. वाहतुकीतही तेच. किरणोत्साराची खूण गाडीवर ठळक हवी, मार्ग आणि वेळ मात्र मोजक्याच लोकांना ठाऊक.

आता ही घंटा वाऱ्यानं दार हललं तरी वाजू लागली की आठवड्याभरात कुणीतरी ती बंद करून ठेवतो. दोघांनी मिळून उघडायच्या कपाटाच्या वहीत दुसऱ्याची सही आधीच करून ठेवलेली असते. यंत्रणा सगळी जागेवर, पण संस्कृती नाही.

नाशिकरोड:
मग ‘संस्कृती’ ऐवजी ‘शिस्त’ लिहू का?

सातपूर:
नको. शिस्त वरून लावता येते. इथे अपेक्षा अशी की घंटा बिघडल्याची नोंद त्याच पाळीत व्हावी आणि नोंद करणाऱ्यावर साहेबानं डाफरू नये. चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर, म्हणजे १९८६ नंतर, आधी सुरक्षितता संस्कृती हा शब्द रूढ झाला, सुरक्षा संस्कृती मागून आली. शीर्षकात ‘संस्कृती’ ठेवा, मजकुरात ‘अंगवळणी पडणं’ वापरा. ‘इनसायडर’ला, म्हणजे ज्याच्यामुळे आतूनच धोका होऊ शकतो अशा माणसाला, ‘घरभेदी’ मात्र करू नका. त्या शब्दानं माणूस आधीच दोषी ठरतो. पासवर्ड सांगून बसलेला भाबडा कारकूनही ‘इनसायडर’मध्येच मोडतो. ‘आतून असलेला धोका’ पुरे.

लासलगाव:
‘ऑर्फन सोर्स’ला, म्हणजे कुणाच्या नोंदीत वा ताब्यात न उरलेल्या किरणोत्सारी पदार्थाला, ‘बेवारस स्रोत’ म्हणा. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोचलं ते असंच. वापरात नसलेलं यंत्र लिलावात गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, एक जण दगावला. कोबाल्ट-६०चा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांच्या आसपास असतो, त्यामुळे यंत्र बंद पडलं तरी आतला स्रोत निवत नाही. नोंदीतून सुटलं ही सुरक्षेची चूक, हातानं फोडलं गेलं ही सुरक्षिततेची. दोन्ही शब्द एकाच घटनेत लागतात.

नाशिकरोड:
आणि ‘सहकार्य’? आपल्याकडे ‘सहकार’ म्हटलं की कारखाना नाहीतर पतसंस्था.

लासलगाव:
‘सहकार्य’च योग्य, पण जपून. भारत-पाकिस्तानचा अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८चा, लागू झाला २७ जानेवारी १९९१ला. १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. करारात अक्षांश-रेखांश कळवायचं ठरलं आहे. एकमेकांच्या केंद्रांची पाहणी करण्याची तरतूद त्यात नाही. तेव्हा याला ‘यादीची देवाणघेवाण’ म्हणा; सहकार्य त्याच्या पुढचं. हल्ला ‘न करणं’ एवढंच लिहून थांबू नका, करारात त्याला ‘उत्तेजन न देणं’ आणि त्यात ‘भाग न घेणं’ हेही आहे. आणि ‘अणुभट्ट्या’ नको, ‘अणुकेंद्रं’ लिहा. इंधन तयार करण्याचे कारखाने आणि किरणोत्सारी पदार्थांचे मोठे साठेही त्या व्याख्येत येतात.