मराठी फाइल उघडली की स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरे का वाचतो?

प्रश्न
दृष्टी मंदावल्यामुळे मी अलीकडेच विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरू लागलो आहे. ईमेल आणि बातम्या तो व्यवस्थित वाचतो. परंतु कामाच्या काही जुन्या मराठी फायली उघडल्या की रोमन अक्षरांची अर्थहीन माळ ऐकू येते, आणि काही पीडीएफमध्ये तर मजकूरच सापडत नाही. डोळस सहकाऱ्यांना त्याच फायली नीट वाचता येतात. आवाज बदलावा, की जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर विकत घ्यावा?

प्रतिसाद १
या कारणासाठी पैसे खर्च करू नका, कारण जॉजही तेच वाचेल. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही, तर फाइलमध्ये साठवलेली अक्षरे वाचतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकुरात मुळात रोमन अक्षरेच असतात आणि फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारे 'का' तिथे डी आणि के अशा दोन अक्षरांत साठवलेले असते, आणि तुमच्या कानावर तेच पडते. असा मजकूर फॉन्ट परिवर्तक साधनातून युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या प्रमाणित पद्धतीत, आणावा. त्यानंतर एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक एनजी हा मजकुराचे बोलण्यात रूपांतर करणारा प्रोग्राम तो मराठीत वाचेल. त्याचा आवाज यांत्रिक आहे खरा, पण वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि कान लवकर सरावतो.

प्रतिसाद २
वरील उत्तराशी सहमत आहे. मजकूर न सापडणाऱ्या पीडीएफ बहुधा स्कॅन केलेल्या असाव्यात, म्हणजे पान हे केवळ छायाचित्र असते. इंग्रजी पानांसाठी इन्सर्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्या की एनव्हीडीए विंडोजच्या ओसीआरकडून (चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सुविधेकडून) मजकूर ओळखून घेतो. मराठीसाठी टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर साधन वापरावे. मात्र जोडाक्षरे, नावे आणि आकडे यांत चुका राहतात, म्हणून रकमांचा कागद असेल तर तो डोळस व्यक्तीकडून पडताळून घ्यावा. शक्य असेल तिथे मूळ वर्ड फाइलच मागावी, आणि तीही शीर्षकांना नुसते ठळक न करता हेडिंग स्टाइल दिलेली, कारण तसे असेल तरच ब्राउझ मोडमध्ये (एकेका कळीने मजकुरात फिरण्याच्या पद्धतीत) एच दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येते.

प्रतिसाद ३
जॉजबद्दल थोडे वेगळे मत नोंदवतो. एखाद्या विशिष्ट कार्यालयीन प्रणालीसाठी जॉजच्या स्क्रिप्ट, म्हणजे ती प्रणाली नीट वाचता यावी यासाठीच्या खास सूचना, आधीच लिहिलेल्या असतील, तर तो घेण्यात अर्थ आहे. आपल्या फायलींचा प्रश्न मात्र त्याने सुटणार नाही.