स्पॅनिश बी-वन चालू आहे, वाचता येतं पण ऐकून कळत नाही. दोन हजारांत काय घ्यावं?

अंबाजोगाईची_पोरगी
नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. मुख्य विषय कॉमर्स. पहिल्या वर्षी ऐच्छिक म्हणून स्पॅनिश घेतलं अन् आवडलं म्हणून सोडलं नाही. ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्या झाल्या, आता बी-वन चालू आहे.

अडचण अशी की धडा वाचला तर कळतो, क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, पण ऐकायचं म्हटलं की सगळं डोक्यावरून जातं. वर्गात आम्ही चाळीसेक जण. मॅडम चांगल्या शिकवतात, पण ध्वनिफीत त्यांच्या मोबाइलवरच लावतात. मागच्या बाकांवर नुसता पंखा ऐकू येतो. बोलायची पाळी तर क्वचितच येते. त्यात प्रेतेरितो अन् इम्पेरफेक्तो या दोन भूतकाळांत गोंधळ होतो, आणि आता सुब्खुन्तिवो, म्हणजे इच्छा-शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप, सुरू झालंय.

बजेट दोन हजार, तेही एकदाच. दर महिन्याला द्यायचं जमणार नाही. साधा अँड्रॉइड फोन आहे, वायरचा इअरफोन आहे, लॅपटॉप नाही. व्याकरणाचं पुस्तक, अ‍ॅप, ऑनलाइन शिकवणी की शब्दकोश, काय घेऊ?

उदगीरचे_काका
बाळ, शब्दकोश घे. जाड, कापडी बांधणीचा, छापील. आम्ही इंग्रजी तसंच शिकलो. एक शब्द शोधताना शेजारचे पाच डोळ्यांखालून जातात, ते मोबाइलवर होत नाही. माझ्याकडचा इंग्रजी कोश अजून चांगल्या स्थितीत आहे, नातवंडं वापरतात. पैसे थोडे जास्त लागतील, पण जन्माची वस्तू होते.

वाळूज_एक्स्पोर्ट
काका, स्पेनच्या शाही भाषा अकादमीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. १७१३ साली स्थापन झालेली संस्था आहे, तिच्यापेक्षा मोठा अधिकार कुणाचा? त्यात सगळं स्पॅनिशमधूनच समजावलेलं असतं, बी-वनला तेच पाहिजे. कोशावर पैसे घालू नकोस.

माझं ऐक, ऑनलाइन शिकवणी लाव. मी एक्स्पोर्टला आहे, आमचे ग्राहक कोलंबिया, मेक्सिको, पेरूचे. इथल्या बजाजच्या गाड्या तिकडच्या रस्त्यांवर पळतात, त्यामुळं वाळूजच्या माणसाला स्पॅनिशचा उपयोग नाही असं कुणी म्हणू नये. मी बोगोताच्या बाईंकडून शिकतो, तासाला नऊशे रुपये. महागडं वाटतं, पण परवा ग्राहकाशी पाऊण तास बोललो, मॅनेजर बघत राहिले. आठवड्यातून दोन तास घे, चार महिन्यांत फरक दिसेल.

आणि स्पेनची स्पॅनिश सोडून दे. 'बोसोत्रोस' (स्पेनमधलं 'तुम्ही सगळे') पाठ करण्यात वेळ घालवू नकोस. लॅटिन अमेरिकेत सगळीकडं 'उस्तेदेस' चालतं.

अंबाजोगाईची_पोरगी
दादा, आठवड्यातून दोन तास नऊशेनं म्हणजे माझं बजेट दुसऱ्याच आठवड्यात संपतं 🙏

लातूर_पॅटर्न
आधी परीक्षा ठरव, मग पुस्तक. ध्येय नसलं तर अभ्यास भरकटतो. मी डेले ही स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा, बी-वनची, पहिल्याच फेरीत काढली, तीही नोकरी सांभाळून.

डेले इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पेन सरकारची भाषासंस्था घेते, प्रमाणपत्राला मुदत नाही, जन्मभर चालतं. बी-वनला वाचन ७० मिनिटं, ऐकणं ४० मिनिटं, लेखन ६० मिनिटं, तोंडी १५ मिनिटं आणि त्याआधी तयारीला १५. गुणांचे दोन गट असतात. वाचन-लेखन एकात, ऐकणं-बोलणं दुसऱ्यात. प्रत्येक गटात ५० पैकी ३० पाहिजेतच. तू वाचनात कितीही मार्क काढ, ऐकणं-बोलणं मिळून तीस झाले नाहीत तर नापास. म्हणून तुझी अडचण गंभीर आहे.

दुसरी सिएले. ती संगणकावर असते, प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, आणि पूर्ण परीक्षेऐवजी निवडक कौशल्यांची परीक्षा पण देता येते. नमुना प्रश्नपत्रिका सेर्वान्तेसच्या साइटवर ध्वनिफितीसकट फुकट आहेत. त्या सोडव, घड्याळ लावून. परत सोडव. पुस्तक वगैरे नंतर.

पैठणचा_पक्या
हेडफोन घे. मी सांगतो, माझाही हाच प्रॉब्लेम होता. साध्या इअरफोनवर शेवटची अक्षरं खातो आवाज. मी साडेचार हजारांचा घेतला, आजूबाजूचा आवाज बंद होतो, एकेक अक्षर सुटं ऐकू येतं. दोन हजारांत तसला येणार नाही, थोडे वाढव.

अ‍ॅप मात्र घेऊ नकोस. मी एका अ‍ॅपचं वर्षाचं घेतलं, वर्ष संपल्यावर न विचारता पुन्हा पैसे कापले. मेलवर मेल केले, उत्तर नाही. कार्डाचा नंबर कुठं देऊच नका बाबांनो.

हिंगोलीकर_पुण्यात
स्पॅनिश कामून घेतलीस? जर्मन घ्यायची. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांना मागणी आहे. माझा मावसभाऊ जर्मन शिकायलाय.

परभणीची_ताई
जगात जर्मनी, भारतात परभणी हे आम्हाला माहीत आहे भाऊ 😄 पण पोरगी स्पॅनिशचं विचारायली. तिला तिचं मिळू द्या.

हिंगोलीकर_पुण्यात
ताई, मी भल्यासाठीच सांगायलोय. नोकरी कुठं आहे ते बघायला नको?

वाळूज_एक्स्पोर्ट
नोकरी स्पॅनिशमध्ये पण आहे. मी आहे की समोर.

वेरूळचा_वाटाड्या
मी वेरूळ-अजिंठ्याला गाइडचं काम करतो, स्पॅनिश गट पण घेतो. ताई, भूतकाळाचा गोंधळ आपल्या लेण्यांवरच सुटतो. माझा तिथंच सुटला.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, त्यानं कैलास लेणं वरून खाली कोरवून घेतलं. 'कोरवून घेतलं', काम झालं, संपलं, तर प्रेतेरितो. अजिंठ्याला भिक्षू पावसाळ्यात मुक्काम करायचे, इथं झोपायचे, इथं ध्यान करायचे. 'करायचे', 'झोपायचे' हे सगळं इम्पेरफेक्तो. आता दोन्ही एकत्र बघ. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागं फिरत होता आणि त्याला लेणं दिसलं. 'फिरत होता' इम्पेरफेक्तो, 'दिसलं' प्रेतेरितो. मागं जे चालू होतं ते एक, मधेच जे घडलं ते दुसरं. ही गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगतो, काळ कधी चुकत नाही.

पैसे कशावरच घालू नकोस. थंडीत इकडं ये. सोमवारी अजिंठा बंद असतं म्हणून त्या दिवशी गट वेरूळला येतात, मंगळवारी वेरूळ बंद, तेव्हा अजिंठ्याला गर्दी. स्पेनचे लोक बोलायला मोकळे. नुसतं 'बुएनोस दिआस' म्हण, अर्धा तास सोडणार नाहीत. आणि वाळूजवाले दादा, माझे बरेचसे पाहुणे माद्रिद-बार्सेलोनाचे असतात, 'बोसोत्रोस' शिवाय त्यांचं पान हलत नाही. अर्धवट शिकवू नका पोरीला.

वाळूज_एक्स्पोर्ट
स्पेनची लोकसंख्या बघा आणि मेक्सिकोची बघा. मेक्सिको एकटाच स्पेनच्या दुपटीपेक्षा मोठा आहे. आकडा बोलतो.

वेरूळचा_वाटाड्या
मेक्सिकोचे किती जण वेरूळला येतात तो आकडा पण सांगा मग.

परभणीची_ताई
गाइड दादांनी फार छान सांगितलं. मराठी माणसाला हे दोन काळ जड जायचं कारण नाही, 'गेले' आणि 'जायचे' हा भेद आपण घरात बोलतोच. इंग्रजीतून शिकलं की गोंधळ होतो, तिथं दोन्हीला एकच रूप चालून जातं. मी शाळेत मराठी शिकवते, स्पॅनिश हौसेनं शिकले.

सुब्खुन्तिवोचं पण तसंच. 'तो येतो' आणि 'त्यानं यावं' यातला फरक तुला कुणी शिकवला नाही, तरी तू चुकत नाहीस. 'त्यानं यावं असं मला वाटतं', हे 'यावं' म्हणजे इच्छेचं सुब्खुन्तिवो. 'किएरो के बेंगा'. सगळीकडं जुळत नाही हेही ध्यानात ठेव. 'तू आलीस याचा आनंद झाला' यात आपण साधं 'आलीस' म्हणतो, स्पॅनिशमध्ये मात्र आनंद, दुःख, आश्चर्य यांच्या मागं सुब्खुन्तिवोच येतं. 'तो येईल असं वाटत नाही' याचंही तेच. इच्छा मराठीवरून समजून घे, भावना आणि नकार वेगळे पाठ कर. 'मे गुस्ता' तर सरळ 'मला आवडतं' आहे, तिथं आपण इंग्रजीवाल्यांच्या पुढंच असतो.

व्याकरणाचं पुस्तक घेणार असशील तर उत्तरं मागं छापलेलीच घे. दिल्लीच्या प्रकाशकांच्या भारतीय आवृत्त्या परदेशी पुस्तकांपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात.

उदगीरचे_काका
मराठी व्याकरण पक्कं असलं की कुठलीही भाषा येते, हे मी कायम सांगत आलोय. शब्दकोशाचं मात्र विसरू नकोस.

धारूरचा_इंजिनिअर
कुणी ऐकण्याबद्दल बोलायलंच नाही, प्रश्न तोच आहे. मी सांगतो.

शब्द माहीत असून ऐकू येत नाही, कारण बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात. पुस्तकात 'बा आ आसेर' असे तीन शब्द दिसतात, तोंडातून येतं 'बासेर'. 'लोस ओत्रोस' ऐकू येतं 'लोसोत्रोस'. तू कानात तीन शब्द शोधत बसतेस, तिथं एकच असतो. हेडफोन कितीही भारी आणला तरी हे सुटत नाही.

उपाय: दोन मिनिटांचा तुकडा घे, ज्याचा लिखित मजकूर आहे असा. पुस्तकाच्या ध्वनिफितीचा मजकूर बहुतेक वेळा मागं असतो. आधी न बघता ऐक, जे ऐकू आलं ते वहीत लिही, अगदी देवनागरीत लिहिलं तरी चालेल. मग मजकुराशी ताळा कर. जिथं चुकलं तिथं लाल खूण. नंतर त्याच तुकड्याबरोबर मोठ्यानं म्हण, त्याच वेगानं. वेग जास्त वाटला तर फोनवर पाऊणपट कर, पण रोज तसंच ऐकू नको, सवय लागते. महिनाभर नवीन तुकडे कमी आणि जुने जास्त. मग बातम्या. डॉइचे वेले, बीबीसी दोन्हींचे स्पॅनिश चॅनल फुकट आहेत.

बोलण्यासाठी अदलाबदलीचा जोडीदार शोध, तू त्याला इंग्रजी शिकव, तो तुला स्पॅनिश. वेळ आधी बघ. रात्री आठ वाजता आपल्याकडं असतात तेव्हा मेक्सिको सिटीत सकाळचे साडेआठ, माद्रिदला थंडीत दुपारचे साडेतीन. माद्रिदवाला सापडला तर सोपं पडतं.

पैठणचा_पक्या
हेडफोननं फरक पडतो दादा, मी अनुभवानं सांगतो.

लातूर_पॅटर्न
इंजिनिअर दादांचं बरोबर, मी हेच म्हणत होतो. नमुना प्रश्नपत्रिकांची ध्वनिफीत यासाठीच वापरायची. परीक्षेत तुकडा दोनदा वाजतो, म्हणून घरी पण दोनदाच ऐकायची सवय लावावी.

बीडचा_बाळू
सगळं वाचलं. माझं मत, कॉलेजचा क्लास सोडून दे. चाळीस पोरांत भाषा येत नसते. मी पण एक भाषा तशीच घेतली होती, सर्टिफिकेट मिळालं, बोलता काही येत नाही. तो वेळ ऑनलाइन दे.

वाळूज_एक्स्पोर्ट
हेच. क्लास सोड, शिकवणी लाव.

हिंगोलीकर_पुण्यात
क्लास सोडच, आणि जर्मनचा विचार कर.

अंबाजोगाईची_पोरगी
सगळ्यांचे मनापासून आभार. गाइड दादांची वाघाची गोष्ट वहीत उतरून घेतली, ताईंचं 'यावं' पण. इंजिनिअर दादांची पद्धत कालपासून सुरू केली. पहिल्या तुकड्यात निम्म्याहून जास्त लाल झालं, पण कुठं चुकते ते पहिल्यांदा दिसलं.

पैशांचं असं ठरवलं. क्लास सोडत नाही. मला या मॅडमकडूनच शिकायचंय, त्या मन लावून शिकवतात. दोन हजारांत एक चांगला ब्लूटूथ स्पीकर येतो, तो मी वर्गासाठी घेतलाय. मॅडमना विचारलं, त्यांचा फोन जोडला, शेवटच्या बाकावरून वाजवून बघितलं. पंखा चालू असताना पण ऐकू आलं. आता मॅडम आठवड्यातून दोन तासिका ऐकण्यावर घेणार आहेत. मजकूर आधी द्यायचा नाही, आधी सगळ्यांनी वहीत लिहायचं, हे इंजिनिअर दादांचं मी त्यांना सांगितलं, त्यांना पटलं. शेवटची दहा मिनिटं रोज दोघांनी समोर येऊन बोलायचं. पहिली पाळी माझीच आहे.

बीडचा_बाळू
अगं, कॉलेजचं काम तू कामून करायलीस? स्पीकर कॉलेजनं आणायचा. प्राचार्यांना अर्ज दे, पैसे परत माग.

पैठणचा_पक्या
स्पीकरपेक्षा हेडफोन बरा होता. असो, पैसे तुझे.

अंबाजोगाईची_पोरगी
अर्ज दिलाय बाळू दादा. मिळाले तर व्याकरणाचं पुस्तक घेईन, मागं उत्तरं असलेलं. पण अर्ज मंजूर होईपर्यंत सेमिस्टर संपलं असतं. आणि हेडफोन लावून मी एकटीनं ऐकलं असतं, मग बोलायचं कुणाशी? मागच्या बाकावर माझ्याबरोबर आणखी आठ-दहा जण आहेत, त्यांनाही हेच ऐकू येत नव्हतं.

परभणीची_ताई
शाब्बास पोरी. समोर उभं राहून बोलशील तेव्हा वाघाचीच गोष्ट सांग.

वेरूळचा_वाटाड्या
अख्खा वर्ग घेऊन ये वेरूळला, मी स्पॅनिशमधून फिरवतो, पैसे घेणार नाही. फक्त मंगळवारी येऊ नका.

उदगीरचे_काका
पुस्तक घेतलंस की कुठल्या दुकानात मिळालं ते इथं लिही बाळ. नातीला पुढच्या वर्षी स्पॅनिश घ्यायचंय म्हणते.