वडिलांची बोटं वीस मिनिटं वळेनात, मग आपोआप बरं झालं. दवाखान्यात न्यायचं का?

कडकभाकरी (सोलापूर), दुपारी 2.10
वडील 61 वर्षांचे. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. आज सकाळी तुटलेला धागा सांधायला गेले तर उजव्या हाताची बोटंच वळेनात. चाळीस वर्षं न बघता गाठ मारणारा माणूस! शेजारच्या मागवाल्याला सांगायला गेले तर जीभ जड. मागाच्या खडखडाटात त्याला वाटलं, आपल्यालाच ऐकू येईना. वीस मिनिटांनी सगळं जागेवर. घरी येऊन भाकरी-शेंगाचटणी नीट खाल्ली. आई म्हणते ऊन लागलं, काका म्हणतात पित्त. बीपीची गोळी चालू होती, पण दिवाळीनंतर 130 आलं म्हणून त्यांनीच बंद केली. खाडा नको म्हणतायत. सुट्टीच्या दिवशी नेलं तर चालेल का?

विडीवालीची लेक
सुट्टी कसली बघताय? आत्ता न्या. गुठळीनं मेंदूचं रक्त थोडा वेळ अडलं आणि सुटलं, असंच दिसतंय. त्याला टीआयए म्हणतात. खरा लकव्याचा झटका यायचा धोका पुढच्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात जास्त असतो.

माझी आई विड्या वळायची. 2019 ला गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रात्री नऊला तिच्या हातातून कात्री पडली, तोंड एका बाजूला ओढलं. आम्ही म्हणलो, सकाळी बघू. मावशीनं तर कबुतराचं रक्त चोळायला माणूस पाठवला होता, खोटं नाही सांगत. सकाळी आठला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेवटचं ठणठणीत कधी बघितलं?" गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्हाला अकरा तास झाले होते. आई आता डाव्या हातानं जेवते. विड्यांच्या सुपाकडे बघत नाही.

सातरस्ता_77
तोवर घरीच एक ॲस्पिरिन देऊन टाका की. रक्त पातळ होतं.

विडीवालीची लेक
दादा, असं सांगू नका. झटका गुठळीनं येतो तसा रक्तवाहिनी फुटूनही येतो. बाहेरून सारखंच दिसतं, सिटी स्कॅनशिवाय कळत नाही. आत रक्त वाहत असलं तर तीच गोळी महागात पडेल. वाटेत पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळला, बोबडं बोलले तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा. तोंडात पाणीसुद्धा घालू नका, श्वासनलिकेत जातं.

मेडिकलवाला
गोळी चालू होती म्हणून 130 आलं हो! माझ्या काउंटरवर रोज दोघं-तिघं सांगतात, "नॉर्मल आलं, बंद केली." गोळी सुटली की बीपी परत चढतं, आणि दुखत-खुपत काही नाही. झटक्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. शुगरही बघून घ्या. तंबाखू खातात का?

कडकभाकरी
मळून खातात, दिवसाला दोन पुड्या. रिक्षा बोलावली.

कडकभाकरी, रात्री 10.40
बीपी 180/110. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. हृदयाचे ठोके अनियमित असले तरी गुठळी होते म्हणे, म्हणून ईसीजी काढला. मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी उद्या आहे. ठेवून घेतलंय. पुडी शर्टाच्या खिशातून मी काढून घेतली तर माझ्यावरच चिडले. आता झोपेत विचारतायत, मागावर कोण उभं आहे.