व्यापारी पळाला की दोष शेतकऱ्याचाच?

बांधावरचा (निफाड)
काल इथं एका महाशयांनी लिहिलं, ‘ज्याला माणूस पारखता येत नाही त्यानं द्राक्षं लावू नयेत. व्यापारी पळाला की पोलिसांत रडत जायचं, हे काय धंद्याचं लक्षण?’ वाचून डोकंच फिरलं.

अहो, पळणारा व्यापारी पहिल्या दिवशी पळत नाही. पहिल्या गाड्यांचे पैसे तो काट्यावरच मोजतो, रोख. पिंपळगावात भाड्याची खोली, हाताखाली दोन पोरं, गावच्या सप्ताहाला देणगी. मग ‘चार दिवसांत करतो’. मग ‘दिल्लीच्या पार्टीनं अडकवलंय’. मार्च संपेपर्यंत निम्म्या शिवाराची बाकी त्याच्याकडं, आणि एक दिवस फोन बंद. ह्याला काय पारखणार? आपल्याला पारखूनच तर तो आलेला असतो! त्यात गोडी भरलेली बाग थांबत नाही. वर ढग आले की समोर उभा असेल तो व्यापारी खरा.

म्हणून माझं म्हणणं, माणूस बघूच नका, बाकी बघा. मागची गाडी फिटल्याशिवाय पुढचा खुडा नाही. मग तो सख्खा मामा का असेना.

हिशेबी पुणेकर
ते महाशय मीच. माझा हार्डवेअरचा होलसेल धंदा आहे. नवं गिऱ्हाईक आलं की त्याचा जीएसटी नंबर टाकून बघतो, रिटर्न भरतो की नाही ते दिसतं. बाजारात दोन जुन्या लोकांना फोन करतो. पाच मिनिटांचं काम. तुम्ही लोक लाखोंचा माल देताना आधारची झेरॉक्स तरी घेता का?

बांधावरचा
ताज्या द्राक्षांवर जीएसटी नाही, साहेब. नुसती ताजी फळं विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. टाका आता नंबर.

दिंडोरीची सून
दादा, तुमचा नियम ऐकायला छान. रोख मागितली की किलोमागं दोन-तीन रुपये कापतात, ते कुणी भरायचे? गेल्या हंगामात सासऱ्यांनी अडून रोख घेतली. शेजारच्यांनी उधारीवर जादा भाव घेतला, त्यांचे सगळे पैसे आले आणि वर्षभर आम्हालाच वेडे ठरवलं.

आणि सगळे व्यापाऱ्यालाच शिव्या घालताय. त्याला बागेत आणतो कोण? गावातलाच दलाल. कमिशन किलोवर, जबाबदारी शून्य. व्यापारी गेला की ह्याचं ठरलेलं वाक्य, ‘माझेपण बुडाले.’

गाडीवाला
ताई, मी दलालीच करतो, म्हणून बोलतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडचा व्यापारी गेला तेव्हा खुडणीच्या मजुरांचे पैसे मी घरातून दिले. बायकोची पोत गहाण होती. शेतकऱ्याला जादा भाव हवा तेव्हा दलाल देवमाणूस, नंतर चोर.

दिंडोरीची सून
पोत गहाण आणि दारात नवी बोलेरो?

गाडीवाला
कर्जावर आहे. हप्त्याची पावती टाकू इथं?

नियमनवाला
हे सगळं २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायला मोकळा केला तेव्हापासून सुरू झालं. समितीत निदान परवानाधारक माणूस तरी असायचा. २०२० च्या केंद्राच्या कायद्यात तर नुसत्या पॅन कार्डावर खरेदीची मुभा होती. बरं झालं तो मागं घेतला.

बांधावरचा
काहीही! शिवार सौदे, म्हणजे बागेतच माल विकणं, माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहेत, तेव्हाही व्यापारी पळायचेच. आणि त्याच कायद्यात पैसे त्याच दिवशी, फार तर कामाच्या तीन दिवसांत द्यायचे, असंही लिहिलं होतं. ते सोयीनं विसरलात.

काळा कोट
चेक घ्या. वटला नाही तर बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटिशीनंतर त्याला पंधरा दिवस, तरी पैसे नाहीत तर महिन्याच्या आत कोर्टात. कलम १३८, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. आमच्याकडं लोक नोटिशीची मुदत उलटल्यावर येतात.

बांधावरचा
आणि तारखा? माझ्या चुलत्याच्या केसमधे बाग मोडून झाली, तारखा चालूच आहेत. समन्स घ्यायला तो माणूस सापडायला तर हवा.

काळा कोट
म्हणूनच सौदापावतीवर दलालाची जामीनदार म्हणून सही घ्या. जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. आणि तो तर गावातच सापडतो.

हिशेबी पुणेकर
म्हणजे शेवटी माणूसच शोधला ना तुम्ही, सही करणारा? असो. तुमच्या धंद्यात पारख चालत नाही, मान्य. पुण्यात बसून द्राक्षं खावीत, बोलू नये. पण बाजारापेक्षा जादा भाव देणाऱ्याकडं धावत जायला कुणी मागून ढकललं नव्हतं, एवढं मी बोलणारच.

दिंडोरीची सून
कर्जाचा हप्ता ढकलतो, साहेब. वकीलसाहेब, सही करणारा एक दलाल दाखवा, सगळा माल त्यालाच.

गाडीवाला
पाठवा कागद, करतो सही. पण कमिशन दुप्पट.

दिंडोरीची सून
दुप्पट घ्या. आधी सही करा, आणि सातबारा जोडा.

गाडीवाला
सातबारा बायकोच्या नावावर आहे.

बांधावरचा
घ्या!